डोंग्याच्या इंजनाला आरपीएम मीटर: प्लगच्या वायरवर गुंडाळायचा स्वस्त मीटर घ्यावा का?

गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यात किंवा इटियाडोह धरणात चालणाऱ्या आठ ते पंधरा हॉर्सपॉवरच्या ओबीएमवर (नावेच्या मागच्या फळीला बाहेरून लावायचं इंजन) आरपीएमचा, म्हणजे इंजन मिनिटाला किती फेरे घेतं त्याचा, काटा येत नाही. दोरी ओढून सुरू होणाऱ्या आणि दांड्याने वळवायच्या इंजनावर त्याची जागाच ठेवलेली नसते. मग इंजन किती फिरतंय हे कानाने ठरवायचं. कान इथे फसतो. डोंग्यात जाळी, बर्फाची पेटी आणि चार माणसं असली की इंजन कण्हतं, आवाज भरून येतो, आणि वाटतं की खूप फिरतंय. प्रत्यक्षात ते कमी फिरत असतं आणि ओझ्याखाली दबलेलं असतं. रिकाम्या डोंग्यात ते सुसाट पळतं, आवाज पातळ लागतो, आणि तेव्हाच ते मर्यादेच्या वर गेलेलं असू शकतं.

पुस्तकातल्या सूचना मात्र आरपीएममध्येच दिलेल्या असतात. यामाहाच्या छोट्या टू-स्ट्रोक इंजनांचंच बघा. नवीन इंजन पहिले दहा तास जपून चालवायचं असतं. पहिला तास साधारण २०००, दुसरा साधारण ३०००, आणि उरलेल्या आठ तासांत पूर्ण थ्रॉटल सलग पाच मिनिटांच्या वर द्यायचा नाही. या काळात पेट्रोलमध्ये ऑइलही दुप्पट घालायचं, म्हणजे ५०:१ ऐवजी २५:१, लिटरला २० मिली ऐवजी ४० मिली. ऑइलचं माप सगळे पाळतात कारण बाटलीवर खुणा असतात. आरपीएमची खूण कुठेच नसते, म्हणून ते राहून जातं.

ही उणीव भरायला ऑनलाइन हजार रुपयांच्या आत एक छोटा डिजिटल मीटर मिळतो. तो निरनिराळ्या नावांनी विकला जातो, आतलं काम सगळ्यांचं जवळपास एकच. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा काळा डबा, वर साधी एलसीडी, एक-दोन बटणं आणि मागून निघणाऱ्या दोन वायर, एक लाल आणि एक काळी. बॅटरी आत सीलबंद असते, बाहेरून १२ व्होल्ट द्यावं लागत नाही. ज्या डोंग्यावर बॅटरीच नाही त्याच्यासाठी हीच सर्वांत मोठी सोय. इंजन चालू असताना आरपीएम दिसतो, बंद असताना एकूण किती तास चाललं ते दिसतं.

आमचं मत आधीच सांगतो: मीटर घेण्यासारखा आहे, पण डब्यात येणाऱ्या चिटोऱ्याच्या भरवशावर लावला तर दहापैकी पाच वेळा चुकीचा आकडा दाखवेल. त्यात मीटरचा दोष फार थोडा, बहुतेक वेळा चूक जोडणीत किंवा सेटिंगमध्ये असते.

हा मीटर प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरमधली ठिणगी मोजतो. लाल वायर त्या जाड वायरला कुठेही टोचायची किंवा जोडायची नाही, फक्त वरून गुंडाळायची. प्रत्येक ठिणगीला गुंडाळीत एक बारीकसा झटका उमटतो आणि मीटर तो मोजतो. वेढे किती, कसे आणि कुठे घातले यावर सगळं अवलंबून आहे.

इंजन थंड असताना वरचं टोपण काढायचं. प्लगच्या टोपीपासून दोन-तीन बोटं मागे, वायर स्वच्छ पुसून, लाल वायरचे चार ते पाच वेढे एकाला एक खेटून घालायचे. वेढ्यांवर वेढे चढवू नयेत. दोन्ही टोकांना केबल टाय घट्ट आवळायचा, कारण इंजन थरथरतं आणि आठवडाभरात सैल वेढे सरकून प्लगच्या टोपीकडे गोळा होतात. वर काळी टेप मारली तर चांगलंच, पण नुसत्या टेपवर विसंबू नये. मे महिन्यात टोपणाखालच्या उष्णतेने टेपचा डिंक पातळ होतो आणि ती सुटून लोंबू लागते.

वेढे जास्त म्हणजे काम चांगलं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. आठ-दहा वेढे घातले की प्रत्येक ठिणगीमागून येणारी बारीक लहरही मीटर मोजू लागतो आणि आकडा ३००० वरून एकदम ५८०० वर, पुन्हा ३१०० वर असा उड्या मारतो. दोनच वेढे असतील तर कमी थ्रॉटलवर आकडा अधूनमधून शून्य होतो. चारपासून सुरुवात करावी. आकडा गळत असेल तर एक वेढा वाढवावा, उड्या मारत असेल तर एक कमी करावा.

दोन सिलिंडरचं इंजन असेल तर दुसऱ्या सिलिंडरची प्लगवायर लाल वायरपासून किमान तीन इंच दूर राहील असं बघावं. शेजारून गेली तर तिच्याही ठिणग्या मोजल्या जातात.

गुंडाळण्याआधी प्लगच्या वायरची तपासणी करावीच. जुन्या वायरवरचं रबर तडकलेलं असेल तर त्या तडीतून ठिणगी बाहेर पडते, आणि नेमकी तिथेच लाल वायर असली तर मीटर जळतो. संध्याकाळी अंधारात इंजन चालू करून टोपणाशिवाय लांबून बघा, वायरवर निळ्या ठिणग्या खेळताना दिसल्या तर आधी वायर बदला. चालू इंजनावर त्या वायरला हात लावायचा नाही, ओल्या हाताने तर मुळीच नाही.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते काळ्या वायरकडे. काही चिटोऱ्यांवर तिचा उल्लेखही नसतो. काळी वायर इंजनाच्या धातूला पक्की लागली नाही तर मीटरला मोजण्यासाठी आधारच राहत नाही. त्याची खूण सोपी आहे: मीटर हातात धरला की आकडा एक दाखवतो, फळीवर ठेवला की दुसरा, कारण हातात असताना माणसाचं अंगच अर्थिंगचं काम करत असतं. असा खेळ दिसला तर वेढ्यांना हात न लावता आधी काळी वायर तपासा.

तिच्या टोकाला थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) दाबून बसवा आणि इंजन ब्लॉकवरच्या एखाद्या छोट्या बोल्टखाली ती घ्या. त्या जागेवरचा रंग पेचकसाच्या टोकाने किंवा पॉलिशपेपरने खरवडून चकचकीत धातू दिसू द्या. कंपनीचा रंग जाड असतो, त्यावरून बोल्ट कितीही आवळला तरी जोड कच्चाच. आवळून झाल्यावर वरून बोटभर ग्रीस फिरवा. सिलिंडर हेडचा बोल्ट या कामासाठी सैल करू नका, त्याचा टाइट करण्याचा हिशेब वेगळा आहे. काही जण काळी वायर डोंग्याच्या पत्र्याला किंवा खिळ्याला लावतात. लाकडी किंवा फायबरच्या नावेत त्याचा उपयोग शून्य.

वायर बाहेर काढायला टोपणाला भोक पाडू नका. त्यातून पावसाचं पाणी आत जातं, आणि टोपण काढताना दरवेळी वायर ओढली जाते. पेट्रोलची नळी आणि थ्रॉटलची केबल जिथून आत येते त्या रबरी बुचाजवळून वायर आणा. आत ती फ्लायव्हील, दोरीच्या स्टार्टरचा पट्टा आणि थ्रॉटलची हलणारी कडी यांपासून लांब बांधा, पेट्रोलच्या नळीला तर बांधूच नका. बाहेर आल्यावर वीतभर सैल वायर ठेवा. इंजन पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे आणि पूर्ण वर उचलून, तिन्ही स्थितींत वायर ताणली जात नाही ना ते हाताने करून बघा. डोंगा काठाला लावताना इंजन वर उचललं आणि मीटरची वायर तुटली, हा या मीटरचा सर्वांत नेहमीचा शेवट आहे.

मीटर बसवायची चांगली जागा म्हणजे मागच्या फळीची आतली बाजू, दांडा धरणाऱ्याच्या गुडघ्याच्या पातळीवर. वायर साधारण मीटरभर असते, तेवढ्यात तिथपर्यंत पोहोचते. पुढे स्टिअरिंग असलेल्या बोटीत ती पुरणार नाही. जोड देऊन वायर लांबवली तर आकडा अस्थिर होतो, तिथे हा मीटर घेऊच नये. जागा सावलीची असावी. विदर्भातल्या उन्हाळ्यात ४५ अंशांच्या उन्हात काळा डबा याहून कितीतरी जास्त तापतो आणि एलसीडी पूर्ण काळी पडते. बिघाड समजून फेकू नका, थंड झाली की बहुतेक वेळा परत दिसू लागते. पण रोज असं होऊ दिलं तर स्क्रीनचं आयुष्य कमी होतं.

सेटिंगमध्ये बहुतेक जण अडकतात. बटण दाबून धरलं की स्क्रीनवर १पी १आर, १पी २आर, २पी १आर अशा निवडी येतात. पी म्हणजे ठिणग्या, आर म्हणजे फेरे. १पी १आर म्हणजे एका फेऱ्यात एक ठिणगी, १पी २आर म्हणजे दोन फेऱ्यांत एक, २पी १आर म्हणजे एका फेऱ्यात दोन.

एका सिलिंडरच्या टू-स्ट्रोकला १पी १आर. हे सरळ आहे. फोर-स्ट्रोक म्हटलं की लोक लगेच १पी २आर निवडतात, कारण फोर-स्ट्रोकला दोन फेऱ्यांत एकदाच पेटायचं असतं. पण छोट्या फोर-स्ट्रोकमध्ये ठिणगी बऱ्याचदा फ्लायव्हीलच्या चुंबकावरून मिळते आणि ती प्रत्येक फेऱ्याला पडते, एक कामाची आणि एक वाया जाणारी. अशा इंजनाला १पी १आरच लागतं. १पी २आर ठेवलं तर आकडा नेमका दुप्पट येईल.

दोन सिलिंडरच्या इंजनात कॉइल, म्हणजे प्लगची जाड वायर जिथून निघते तो भाग, बघा. प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल असेल तर टू-स्ट्रोकला १पी १आर. एकाच कॉइलमधून दोन जाड वायर निघून दोन प्लगना जात असतील, तर टू-स्ट्रोकमध्ये दोन्ही प्लग एकाच वेळी आणि फेऱ्यात दोनदा ठिणगी देतात. तिथे २पी १आर लागतं.

सेटिंग चुकलं की आकडा नेहमी पटीत चुकतो, दुप्पट किंवा निम्मा. म्हणून ओळखायला अवघड नाही. बहुतेक छोटी ओबीएम गरम झाल्यावर न्यूट्रलमध्ये ८५० ते ११०० च्या आसपास फिरतात. मीटर २००० दाखवत असेल तर इंजन वेडं झालेलं नाही, सेटिंग एक पायरी चुकलं आहे. आकडा पटीत नसून वाटेल तसा उडत असेल तर मात्र सेटिंगशी खेळू नका, वेढे आणि काळी वायर बघा. त्यानंतरही उडत असेल तर प्लग बघा. पुस्तकात आर अक्षर असलेला (आत रेझिस्टर बसवलेला) प्लग सांगितला असेल, उदाहरणार्थ बीआर७एचएस, आणि दुकानदाराने त्याऐवजी आर नसलेला बी७एचएस दिला असेल, तर इंजन चालेल पण त्याच्या ठिणगीचा गोंधळ मीटरला सहन होत नाही.

ही तपासणी काठावर करायची असेल तर २०० लिटरच्या ड्रममध्ये इंजन बुडवून करावी, पाणी गिअरबॉक्सच्या बरंच वर हवं. कोरडं इंजन अर्धं मिनिटही चालवू नका, पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर घासून जातो. मागून पाण्याची बारीक धार येत राहिली पाहिजे. ड्रममध्ये फक्त न्यूट्रल, पूर्ण थ्रॉटलचा आकडा तलावातच घ्यायचा.

इंजनाला लायटिंग कॉइल (दिवे आणि चार्जिंगसाठी वीज देणारी) असेल आणि डोंग्यावर बॅटरी असेल तर दुसरा पर्याय म्हणजे काट्याचा गोल मीटर. तो प्लगऐवजी चार्जिंगच्या वायरवरून मोजतो, मागे पोलची (चुंबकी ध्रुवांची) निवड असते: ४, ६, ८, १२. कॉइलच्या पोलच्या निम्मे झटके प्रत्येक फेऱ्याला मिळतात. १२ पोलच्या इंजनाला ६ वर ठेवलं की आकडा दुप्पट. पोलचं बटण बंद स्थितीत चार-पाच वेळा इकडून तिकडे फिरवून मगच ठरवावं, आतली पितळी पट्टी काळी पडलेली असते. त्याला रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या भागाच्या) आधीची वायर, फ्यूज घातलेले १२ व्होल्ट आणि अर्थिंग अशा तीन जोडण्या लागतात. उन्हात काटा लांबूनही दिसतो, ही त्याची खरी बाजू. पण महाग आणि जोडणी जास्त. दांड्याच्या इंजनाला आम्ही तो सुचवणार नाही.

आता आकडा मिळाला, तर त्याचं करायचं काय?

पहिलं काम पंख्याचं. नेहमीचं ओझं भरून, सरळ पट्ट्यात, पूर्ण थ्रॉटल देऊन अर्धा मिनिट आकडा बघा. यामाहाच्या १५ हॉर्सपॉवर एंड्युरोला कंपनीने ४५०० ते ५५०० सांगितलं आहे, इतर इंजनांसाठी पुस्तकात किंवा पाटीवर बघा. भरलेला डोंगा ३९०० वर अडकत असेल तर पंखा त्या ओझ्याला जड आहे. असं दाबून चालवलेलं टू-स्ट्रोक कार्बन धरतं, गरम होतं, प्लग काळे करतं, आणि पेट्रोल पिऊनही पुढे जात नाही. पंख्याच्या बुंध्यावर दोन आकडे कोरलेले असतात: पहिला व्यास, दुसरा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा हिशेबाने किती इंच पुढे जातो ते. पिच एक इंच कमी केलं की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. म्हणजे ३९०० वरून ४५०० च्या पुढे यायला तीन-चार इंच कमी पिचचा पंखा बघावा लागेल, किंवा ओझं कमी करावं लागेल. उलट आकडा ५८०० वर जात असेल तर पिच वाढवायचं, आणि इंजन फळीवर फार उंच तर बसवलेलं नाही ना तेही बघायचं.

दुसरं काम किफायतशीर वेगाचं, आणि रोजच्या खर्चात फरक पडतो तो इथेच. मासेमारीचा भरलेला डोंगा पाण्यावर उठून पळत नाही, पाणी कापतच जातो. पाण्यातली लांबी १८ फूट असेल तर ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या पुढे तो फारसा वाढत नाही, मागचा भाग फक्त खाली बसतो आणि लाट मोठी होते. मोबाइलमधलं जीपीएस लावून २५००, ३०००, ३५००, ४००० अशा पायऱ्यांवर दोन-दोन मिनिटं चालवा, जाताना आणि येताना दोन्ही वेग लिहा म्हणजे वाऱ्याचा फरक निघून जाईल. ज्या पायरीनंतर पाचशे आरपीएम वाढवूनही वेग किलोमीटरभरसुद्धा वाढत नाही, ती तुमच्या डोंग्याची पायरी. पंधरा हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक पूर्ण थ्रॉटलवर भरपूर पेट्रोल जाळतं. त्या पायरीवर खर्च बराच खाली येतो, आणि जाळ्यांपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ जवळपास तेवढाच राहतो.

रोजच्या चालण्यात मीटर दुखणंही सांगतो. गोसेखुर्दच्या पाण्यात जलपर्णी भरपूर, आणि बुडालेल्या झाडांचे बुंधे अजून पाण्याखाली उभे आहेत. थ्रॉटल तेवढाच असताना आकडा हळूहळू तीन-चारशेने उतरला तर पंख्याला जलपर्णी किंवा जाळ्याचा दोर गुंडाळला आहे. लगेच किल-स्विचची दोरी ओढून बंद करा आणि मगच इंजन वर उचला. आकडा अचानक वर गेला आणि डोंगा मात्र मंदावला, तर बुंध्याचा मार बसून पंख्याच्या आतलं रबर सुटलं आहे. शिअर पिनच्या (मार बसला की मुद्दाम तुटणाऱ्या पिनच्या) इंजनात पिन तुटली असेल. आवाज एकसारखा आणि आकडा नाचतोय, तर दोष मीटरच्या जोडणीत. आवाजही अडखळतोय आणि आकडाही, तर पेट्रोल किंवा प्लग. वेगळ्या कॉइलच्या दोन सिलिंडरच्या इंजनात आकडा शून्य झाला पण इंजन लंगडत चालूच आहे, तर ज्या वायरवर वेढे आहेत त्याच सिलिंडरची ठिणगी गेली आहे. कोणता प्लग काढायचा ते टोपण उघडण्याआधीच कळतं.

तासांचा हिशेब हा वरचा फायदा. गिअर ऑइल नव्या इंजनात पहिल्या दहा तासांनी आणि नंतर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा बदलायचं असतं. काढलेलं ऑइल दुधासारखं पांढरं दिसलं तर सीलमधून पाणी आत गेलं आहे. संस्थेचं एक इंजन पाच जण आळीपाळीने वापरत असतील तर कोणाच्या पाळीत किती तास गेले यावरून होणारी कुरबूरही मीटरवरचा आकडा बघून मिटते. पूरकाळात उपयोगी पडावं म्हणून वर्षभर झाकून ठेवलेल्या बचाव बोटीच्या इंजनालाही हा मीटर लावावा, चाचणी खरंच घेतली की नुसती नोंद केली ते त्यावरून दिसतं.

उणिवाही सांगायला हव्यात. बॅटरी संपली की बहुतेक डबे फेकूनच द्यावे लागतात, म्हणून मागे दिवा असलेला मीटर घेतला तर तो दिवा सतत चालू ठेवू नये. बटणं लहान आहेत, ओल्या बोटाने नीट दाबली जात नाहीत. डब्यावर जलरोधक लिहिलेलं असलं तरी वायर जिथून बाहेर येते ती जागा कच्ची असते, तिथे सिलिकॉन सीलंटचा एक थेंब लावून रात्रभर सुकू द्यावा. आकडा अर्ध्या-एक सेकंदाने बदलतो, त्यामुळे थ्रॉटल हलवल्याबरोबर बघू नका, थोडं थांबा.

मागवताना काळी वायर असलेला आणि सेटिंग बदलता येणारा मीटरच घ्या. फक्त एका वायरचे आणि एकाच सेटिंगवर बांधलेले मीटर स्वस्त पडतात, पण ओबीएमवर ते नशिबाने चालले तर चालतात. पार्सल आलं की थेट डोंग्याकडे धावू नका. दारातल्या मोटारसायकलवर आधी लावा. १०० ते १२५ सीसीच्या गाड्या गरम झाल्यावर साधारण १४०० वर उभ्या फिरतात, आणि बहुतेकांची ठिणगी प्रत्येक फेऱ्याला पडते. काळी वायर इंजनाच्या बोल्टला, लाल वायरचे चार वेढे प्लगच्या वायरला, सेटिंग १पी १आर. १४०० च्या आसपास स्थिर आकडा आला तर मीटर ठीक. २८०० आला तर सेटिंग बदलून बघा. काहीच आलं नाही किंवा वाटेल ते येत राहिलं, तर परत पाठवायची मुदत संपायच्या आत डबा जसाच्या तसा पॅक करून टाका.